सरकी टोबून ढगाकडं पाहत बसलेल्यांसाठी: मेघदूत कसं वाचायचं

आमच्या इकडं जून सरत आला की सगळ्यांच्या माना वर. सरकी टोबून, म्हणजे कपाशीचं बी हातानं लावून, झाली असते, एक पाऊस येऊन गेला असतो, कोंब वर आले असतात आणि दुसऱ्या पावसाचा पत्ता नसतो, मग माणूस दिवसातून वीस वेळा आभाळाकडं पाहतो आणि एखादा काळा ढग दिसला की मनातल्या मनात त्याच्याशी बोलतो, ये बाप्पा, इकडं ये, तिकडं कुठं चालला. मेघदूत वाचायला याच्याहून चांगली तयारी मला तरी माहीत नाही. पण शाळेत आपल्याला सांगतात की कालिदासानं निसर्गाचं फार सुंदर वर्णन केलं, उपमा द्यावी तर कालिदासानंच, झालं, पुढचा धडा. मी आर्वी तालुक्यातली, माझं संस्कृत म्हणजे दहावीपर्यंत हिंदीसोबत असतं ते पन्नास मार्कांचं, तेवढ्या भांडवलावर हे पुस्तक मी आतापर्यंत चारदा पूर्ण वाचलं आणि पहिल्या वेळी साफ चुकीचं वाचलं होतं. म्हणून हे लिहिते.

चुकीचं म्हणजे कसं, तर मी ते ढगाच्या प्रवासासारखं वाचलं, आता हा डोंगर आला, आता ही नदी, आता उज्जैन, आणि अर्ध्यात कंटाळली. नंतर कळलं की त्यात ढग कुठं जातच नाही. सुरुवातीची चार-पाच कडवी कवी बोलतो आणि मग शेवटपर्यंत त्यातला यक्ष, म्हणजे बायकोपासून दूर पडलेला कुबेराचा नोकर, तोच बोलत राहतो, एका जागी उभा राहून, समोरच्या ढगाशी. सगळा रस्ता, सगळ्या नद्या, ते शहर, ती बायको, सगळं त्याच्या डोक्यात चाललंय. एका इच्छेनं पार धरून ठेवलेल्या माणसाचं डोकं आतून कसं दिसतं ते या ११०-१२० कडव्यांत आहे (आकडा प्रतीप्रमाणं कमीजास्त होतो), आणि ते तसं वाचलं तरच उघडतं असं माझं ठाम मत आहे.

गोष्ट दोन वाक्यांची आहे. यक्ष कुबेराचा नोकर, कामात चुकला म्हणून मालकानं वर्षभरासाठी हाकलून दिला, बायको तिकडं हिमालयात अलका नगरीत आणि हा रामगिरीवर. आषाढात ढग दिसला, त्याला म्हणाला माझा निरोप घेऊन जा. बस. एवढीच गोष्ट आहे हे आधीच माहीत असू द्या, पुढं काय होणार म्हणून वाचाल तर हाती काही लागणार नाही.

आता पुस्तक कोणतं घ्यायचं. मराठीत अनुवाद भरपूर झाले, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी केला, चिंतामणराव देशमुखांनी केला, म्हणजे तेच जे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, बोरकरांनी, कुसुमाग्रजांनी, शांताबाई शेळक्यांनी केला. तुम्हाला जो मिळेल तो चालेल, पण एक करा, नुसता पद्य अनुवाद घेऊन बसू नका. सोबत अशी एक प्रत ठेवा ज्यात मूळ श्लोक, त्याचा अन्वय म्हणजे शब्द सरळ ओळीनं लावलेले, आणि खाली साध्या गद्यात अर्थ असतो. परीक्षेच्या पोरांसाठी छापलेली असते तशी, कागद साधा असतो पण काम तीच करते. पद्य अनुवादात अनुवादकाला वृत्त सांभाळायचं असतं त्यामुळं एखादा छोटा शब्द सुटतो आणि या पुस्तकात सगळी गंमत छोट्या शब्दांत आहे, ते पुढं सांगते.

दिवसाला पाच कडवी. जास्त नाही. मी संध्याकाळी छपरीत बसून वाचायची, वावरातून आल्यावर, हातपाय धुऊन, लाईट असली तर लाईटीत नाहीतर मोबाईलच्या उजेडात. पाच वाचायची आणि त्यातलं एक निवडून तीनदा मोठ्यानं म्हणायचं. अर्थ नाही लागला तरी म्हणायचं. वृत्त मंदाक्रांता आहे, एका ओळीत १७ अक्षरं, चारावर थांबा, मग सहावर थांबा, मग सात. पुस्तकाची पहिलीच ओळ घ्या. पहिली चारही अक्षरं जड, कश्चित्कान्ता, पाय रोवल्यासारखी. मग विरहगुरुणा, पाच अक्षरं भरभर पळतात आणि सहावं लांबतं. मग राहिलेली सात हेलकावे खात जातात. डवऱ्याला, म्हणजे कोळप्याला, नवा बैल जुंपला की कसा आधी अडतो, मग एकदम पळतो, मग पिकाच्या ओळीत वाकडातिकडा चालतो, तसंच. एका गोष्टीनं पछाडलेला माणूस बोलतो पण तसाच ना. आधी बोलवत नाही, मग एका दमात बोलून टाकतो, मग शब्द अडखळतात. हे कोणी समजावून सांगायची गरज नाही, तीनदा मोठ्यानं म्हणा, छातीला कळते.

पहिल्या पाच कडव्यांवर मात्र घाई करू नका, आठवडा लागला तरी लागू द्या. सगळ्या पुस्तकाची किल्ली तिथं आहे. पहिला शब्दच कश्चित्, म्हणजे कोणी एक. या यक्षाला पूर्ण पुस्तकात नाव नाही, त्याच्या बायकोलाही नाही. आणि पहिल्या ओळीत कोणी एक म्हटल्यावर तो कोण ते लगेच सांगत नाही, आधी विरहाचं ओझं येतं, मग चूक येते, मग शाप येतो, आणि यक्ष हा शब्द थेट तिसऱ्या ओळीत उगवतो. दुःख आधी, माणूस मागून. चुकीचंही तसंच, कामात प्रमत्त झाला, गाफील राहिला, एवढंच मुळात आहे. त्यानं कुबेराच्या बागेकडं दुर्लक्ष केलं, हत्तीनं बाग तुडवली, अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो त्या नंतर लोकांनी जोडल्या. पुस्तकात कारण लपलेलं आहे, पण ज्या ओळीत ते आहे त्याच ओळीत बायकोचा विरह ठेवला आहे, काय समजायचं ते आपण समजायचं.

दुसऱ्या कडव्यात कवी त्याला सरळ कामी म्हणतो, म्हणजे कामवासनेनं भरलेला. विरही, दुःखी, बिचारा असं काही नाही, कामी. आणि लगेच हातातलं सोन्याचं कडं गळून पडलंय, मनगट रिकामं, एवढा तो वाळला. मनातलं सांगायला कवी शरीर दाखवतो, हे तुम्हाला पुढंही दिसत राहील. तिसऱ्यात ढग पाहून त्याचे डोळे भरतात पण पाणी आतल्या आत, आणि तो खूप वेळ विचार करत उभा राहतो. चौथ्यात तो त्या ढगाला कुड्याची ताजी फुलं वाहतो. आमच्याकडं जंगलाच्या कडेनं पांढरा कुडा फुलतो ना, तोच, कुटज म्हणतात त्याला. हे समजल्यावर मी एकदा मुद्दाम ती फुलं हातात घेऊन ते कडवं वाचलं होतं, तुमच्या आसपास असेल तर तुम्हीही करून पाहा.

पाचव्यात कवी मध्येच थांबतो आणि म्हणतो, अरे ढग म्हणजे काय, धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा, आणि निरोप म्हणजे जित्याजागत्या, हुशार जीवानं न्यायची गोष्ट, या दोघांचा मेळ कुठं बसतो. आणि मग पुढं तो वाक्य टाकतो की कामवासनेनं व्याकूळ झालेल्यांना सजीव आणि निर्जीव यातला फरक कळत नाही. माझ्या मते हे वाक्य पाठ करून ठेवायचं. कारण याच्यानंतर कवी परत येऊन कधीच सांगणार नाही की हा माणूस भानावर नाही. एकदाच सांगितलं, आता तुम्ही लक्षात ठेवायचं. आणि गोड गोड वर्णनं वाचताना आपण ते विसरतो, हीच या पुस्तकाची ताकद आहे, आपल्यालाही त्याचंच खरं वाटायला लागतं.

शेजारच्या आजी माझं वाचणं ऐकत बसायच्या, त्यांना अक्षरओळख थोडी, पण वारी केलेल्या, भजनं तोंडपाठ. एकदा म्हणाल्या, कायले एवढं मोठ्यानं वाचून राह्यली वो बाई? मी म्हटलं आजी, एक माणूस ढगाले निरोप सांगून राह्यला बायकोसाठी. तर म्हणे, ढगाले? पागल झाला काय तो? मी म्हटलं हो जी, तेच तर लिहिलं आहे. आणि खरंच, मल्लिनाथ म्हणून जो मोठा जुना टीकाकार, त्यानं पहिल्याच श्लोकावर लिहून ठेवलंय की ही उन्मादाची अवस्था आहे, आणि पुरावा काय, तर कवी रामगिरीच्या आश्रमात असं एकवचन लिहीत नाही, आश्रमांमध्ये असं अनेकवचन लिहितो, म्हणजे तो एका जागी टिकत नव्हता, आज या झोपडीत उद्या त्या. एका अनेकवचनावरून माणसाचं डोकं ओळखलं. असं वाचायचं असतं. आपल्या जुन्या शास्त्रात कामाच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत, अभिलाष, चिंता, स्मृती, गुणकथन, उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी, जडता आणि मरण. या दहा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि वाचता वाचता कोणत्या कडव्यात कोणती दिसते ते पेन्सिलनं टिपा. क्रमानं येणार नाहीत. एकाच कडव्यात तीन येतील, आणि मरण येणार नाही, पण त्याची सावली येईल.

आजींनी मग दुसरी गोष्ट काढली. म्हणाल्या, आमच्या माउलींच्या विरहिणीनं तर कावळ्याले सांगितलं होतं. पैल तो गे काऊ कोकताहे. त्यात ती कावळ्याला म्हणते तुझे पाय सोन्यानं मढवीन, दहीभाताची उंडी तोंडी लावीन, दुधाची वाटी ओठी लावीन, फक्त एवढं सांग की पाहुणा येतोय. मी एकदम मेघदूताचं सहावं कडवं काढलं. तिथं यक्ष ढगाला काय म्हणतो, तू किती मोठ्या घराण्यातला, इंद्राचा माणूस, पाहिजे ते रूप घेणारा, मोठ्या माणसाकडं मागून नाही मिळालं तरी बरं, हलक्याकडं मागून मिळालेलं नको. म्हणजे हाही निरोप नेणाऱ्याची मर्जी राखतोय. सोन्याचे पाय आणि मोठं घराणं एकच आहे. फरक असा की माउलींची विरहिणी ज्याची वाट पाहते तो पंढरीचा राणा, आणि यक्षाला त्याची बायकोच पाहिजे, शरीरानं, घरात, शेजारी. दोन्ही एकामागून एक वाचून पाहा. आपल्या भाषेत या ओढीला किती जुनी वाट आहे ते दिसेल, आणि मेघदूत हे परकं, पंडितांचं पुस्तक आहे ही भीतीही जाईल.

इथं थोडं रामटेकबद्दल. नागपूरचे संशोधक वासुदेव विष्णू मिराशी यांनी रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं मांडलं आणि त्याला आधार आहे, वाकाटक या जुन्या राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन तिथंच पायथ्याला, आजचं नगरधन, आणि त्याच घराण्यातल्या प्रभावतीगुप्ता राणीचा जो ताम्रपट रिद्धपूरला सापडला, अमरावती जिल्ह्यातल्या, त्यात रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायांचा उल्लेख येतो. तरी मल्लिनाथ मात्र रामगिरी म्हणजे चित्रकूट म्हणतो आणि छत्तीसगडच्या रामगढचंही नाव घेणारे आहेत. मला रामटेकच वाटते, मी आपल्या मातीची म्हणून असेल. जमलं तर आषाढात एकदा रामटेकला जा, नागपूरवरून एसटी असते, गडावर उभं राहून उत्तरेकडं तोंड करा आणि फक्त पहिली दोन कडवी म्हणा. मी गेली तेव्हा ढग इतके खाली होते की खालचा तलाव मधूनच झाकला जायचा. तिथून पाहिल्यावर कळते की उत्तरेकडं जाणारा ढग हाका मारण्याइतका जवळ असतो आणि त्याला पकडता येत नाही. पण तिथं जाणं गरजेचं आहे असं नाही, वावराच्या धुऱ्यावर उभं राहून म्हटलं तरी चालते.

रस्त्याचा भाग, ज्याला पूर्वमेघ म्हणतात, तो अर्ध्याहून मोठा आहे आणि लोक इथंच पुस्तक सोडतात. इथं नकाशा काढू नका. इथं एकच प्रश्न विचारत जा की याला घाई आहे तर हा इतका रेंगाळतो का? सुरुवातीला एक कडवं येतं, त्यात नांगरलेल्या मातीच्या वासाचं माळरान आहे आणि खेड्यातल्या बाया ढगाकडं प्रेमानं, डोळ्यांनी पिऊन टाकल्यासारखं पाहतात, कारण पीक तुझ्या हाती आहे. त्यांना भुवया उडवून पाहणं येत नाही असंही म्हटलं आहे. हे कडवं मी वाचलं त्या दिवशी आमची दुबार पेरणीची वेळ आली होती, मला रडू आलं. ढगाकडं पाहणारे आम्हीही होतो पण आम्हाला त्याच्याकडून पाऊस पाहिजे होता, आणि यक्षाला पाऊस नको, त्याला पोस्टमन पाहिजे. एकच ढग, आणि ज्याला जे पाहिजे ते तो त्यात पाहतो. त्या एका कडव्यात कालिदासानं यक्षाच्या शेजारी दुसरी, खरी गरज उभी करून ठेवली आणि यक्षाला त्याचा पत्ताही नाही, तो पुढं निघून जातो.

मग नद्या येतात. नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी दगडांत फुटलेली, वेत्रवती, निर्विंध्या, सिंधू, शिप्रा, गंभीरा. लक्ष देऊन वाचा, प्रत्येक नदी बाई आहे. निर्विंध्या भोवऱ्याची नाभी दाखवते, सिंधूचं पाणी विरहिणीच्या एकाच वेणीसारखं बारीक झालंय, गंभीरेचं निळं पाणी म्हणजे तिचं वस्त्र, वेतानं हातात धरून ठेवल्यासारखं, आणि यक्ष ढगाला सांगतो की ते ओढून घेतल्यावर तुला निघणं जड जाईल. काही जणांना इथं लाज वाटते, काही जण शृंगार शृंगार म्हणून खूश होतात. मी म्हणते दोन्ही सोडा आणि हे पाहा की बोलतोय कोण. आठ महिने बायकोला हात लावला नाही असा माणूस. त्याची इच्छा आता भूगोलात सांडायला लागली आहे. तो जिथं पाहतो तिथं तिचं शरीर आहे. निसर्गाचं वर्णन म्हणून आपल्याला शिकवलं ते हे आहे, आणि एकदा असं दिसलं की पुन्हा साधं वर्णन म्हणून वाचताच येत नाही.

आणि उज्जैन. यक्ष स्वतः म्हणतो तुझी वाट वाकडी होईल, पण उज्जयिनी पाहिल्याशिवाय जाऊ नको. बायको तिकडं दिवस मोजतेय आणि हा पोस्टमनला आडवाटेनं पाठवतो, महाकालाची संध्याकाळची पूजा होईपर्यंत थांब म्हणतो, रात्री गच्चीवर पारवे झोपलेले असतात तिथं मुक्काम कर म्हणतो. मी या जागी पहिल्यांदा वैतागली होती. आता मला वाटते की याला निरोप पोचण्यापेक्षा निरोपाबद्दल बोलत राहणं जास्त हवं आहे. बोलणं थांबलं की तो पुन्हा एकटा. तुम्ही कधी कोणाच्या नादात असाल तर आठवून पाहा, त्या माणसाची गोष्ट मैत्रिणीला सांगताना आपण किती लांबवतो, तो कोणत्या रंगाचा शर्ट घालून आला, कुठं उभा होता, चहात साखर किती घेतो. मुद्दा एका ओळीचा असतो. तसं आहे हे.

उत्तरमेघात, म्हणजे पुस्तकाच्या दुसऱ्या भागात, तो घरी पोचतो, म्हणजे मनानं. आणि इथं मला वाटते पुस्तकातला सगळ्यात मऊ भाग आहे, त्याच्या घराच्या खुणा. कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला, इंद्रधनुष्यासारखं तोरण असलेलं दार, बायकोनं पोरासारखा वाढवलेला लहान मंदाराचा झाड, हाताला येतील इतके खाली लोंबलेले त्याचे घोस, पाचूच्या पायऱ्यांची विहीर, सोन्याच्या केळींचं कुंपण असलेली टेकडी, अशोक आणि बकुळ, आणि मधोमध सोन्याची दांडी ज्यावर संध्याकाळी मोर येऊन बसतो आणि बायको टाळ्या वाजवून त्याला नाचवते, तेव्हा तिच्या बांगड्या वाजतात. तो बांगड्यांचा आवाज त्याला आठवतो. बाहेरगावी कामाला गेलेल्या माणसाला घरचं काय आठवते ते विचारा, तो असंच सांगेल, दारापुढची तुळस, कोपऱ्यातला रांजण, भाकर थापायचा आवाज. इथं दिवसाला पाच कडवी हा नियमही सोडा, दोनच वाचा.

मग येते ती. आणि इथं ते छोटे शब्द, ज्यांच्यासाठी अन्वयाची प्रत घ्यायला सांगितली. ती देवाला नैवेद्य वाहत असेल, किंवा मनानं माझं चित्र काढत असेल, किंवा पिंजऱ्यातल्या मैनेला विचारत असेल की तुला धनी आठवतो का. मळक्या लुगड्यावर वीणा घेऊन माझ्या नावाचं गाणं म्हणायला बसली असेल आणि स्वतःच बांधलेली चाल विसरत असेल. उंबऱ्यावर फुलं मांडून उरलेले महिने मोजत असेल. मुळात वा, वा, असा शब्द येतो, किंवा, किंवा. म्हणजे त्याला काही माहीत नाही. सगळा अंदाज आहे. पद्य अनुवादात हा किंवा गळला की आपल्याला वाटते की ती खरंच तशी बसली आहे. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक किंवाखाली रेघ ओढा. मी ओढल्या आणि पानभर रेघा झाल्या. एका बाईबद्दल इतकं लिहिलं आणि तिला एकदाही विचारलं नाही, तू कशी आहेस ते. तिचं खरंखुरं बोललेलं वाक्य म्हणून पूर्ण पुस्तकात एकच येतं, तेही तो खूण म्हणून सांगतो, की एकदा ती झोपेतून रडत उठली आणि खोदून विचारल्यावर आतल्या आत हसत म्हणाली, लबाडा, तू स्वप्नात दुसरीसोबत होतास. एवढंच. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटते, कारण त्याच्या अंदाजातली ती नुसती झुरते आणि या एका वाक्यातली ती संशय घेते, रडते, हसते, जिवंत आहे.

आणि तो मूर्ख नाही हे पण लक्षात ठेवा. याच भागात तो मध्येच ढगाला म्हणतो की ती माझ्यावर एवढं प्रेम करते असं मी जे बडबडतोय ते मी स्वतःला मोठा भाग्यवान समजतो म्हणून नाही, तू लवकरच डोळ्यांनी पाहशील. म्हणजे त्याच्याही मनात आलंच, की मी माझंच कौतुक तर करत नाही ना. पछाडलेला माणूस स्वतःला पाहू शकतो आणि तरीही थांबू शकत नाही, हे इतक्या जुन्या पुस्तकात असं एका ओळीत सापडते तेव्हा अंगावर काटा येते.

खरा निरोप शेवटच्या दहा-पंधरा कडव्यांत आहे. यातलं एक मी कधीच विसरत नाही. तो म्हणतो वेलीत तुझं अंग दिसते, हरणीच्या नजरेत तुझी नजर, चंद्रात चेहरा, मोराच्या पिसाऱ्यात केस, नदीच्या बारीक लाटांत भुवया, पण हाय, एका जागी सगळी तू कुठंच नाही. आधीच्या सगळ्या नद्या आठवा आता. त्यानं तिला रस्ताभर तुकड्या-तुकड्यानं वाटून टाकलं होतं आणि इथं त्यालाच कळते की तुकडे जोडून माणूस होत नाही. पुढच्यात तो दगडावर गेरूनं तिचं रुसलेलं चित्र काढतो आणि तिच्या पायाशी स्वतःला काढायला जातो तर डोळे भरून येतात, चित्रातही भेट होत नाही. मग म्हणतो, लोक म्हणतात विरहात माया आटते, पण भोग न मिळाल्यानं ती साचत जाऊन ढीग होतो. हे त्याचं म्हणणं आहे, कालिदासाचंही आहेच असं लगेच धरू नका, वाचून आपलं आपण ठरवा. मी कितीदा ठरवलं आणि बदललं.

तारखेबद्दल एक. त्याचा शाप सुटणार विष्णू शेषावरून उठेल तेव्हा, म्हणजे आपली कार्तिकी, आणि चार महिने राहिले असं तो सांगतो. पण आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग पाहिला तर कार्तिकीपर्यंत चार महिन्यांवर दहा दिवस होतात. म्हणून काही जुन्या प्रतींत प्रथम ऐवजी प्रशम, म्हणजे आषाढ संपतानाचा दिवस, असा पाठ आहे, पण त्यानं महिने उलट कमी पडतात आणि पंडितांचा वाद चालूच आहे. आषाढी ते कार्तिकी बरोबर चार महिने हे आपल्याकडं बाळालाही माहीत असते. मला वाटते असा माणूस दहा दिवस सोडून देतो, चार महिनेच तर राहिले असं स्वतःला सांगायला.

आता ज्यांच्यासाठी मी हे खरं लिहिते त्यांच्याशी. तुम्ही स्वतः आत्ता त्या अवस्थेत असाल, कोणाच्या एका मेसेजवर दिवस टांगला असेल, तर मेघदूत वाचा पण एकट्यानं रात्री वाचू नका आणि शेवटचा भाग आधी काढू नका. मी बारावीनंतरच्या वर्षी तशी होती. आमच्या गावात तेव्हा रेंज फक्त विहिरीजवळ यायची, मी पाणी भरायच्या निमित्तानं दिवसातून सहा वेळा विहिरीवर जायची, तिकडून काही यायचं नाही, आणि मी दर वेळी समजून घ्यायची की तो बोलत नाही म्हणजे त्याच्या मनात फार आहे. मायच्या लक्षात आलं होतं, ती काही बोलली नाही, फक्त सहाव्या वेळी स्वतः घागर घेऊन माझ्यासोबत चालत आली. त्या दिवसांत मेघदूत माझ्या हातात आलं आणि मी त्यातलं फक्त गोड ते उचललं, ती झुरते, तो झुरतो, किती छान. त्यानं माझं भलं झालं नाही. पाच-सहा वर्षांनी पुन्हा वाचलं तेव्हा ते पाचवं कडवं दिसलं, धूर, उजेड, पाणी, वारा. म्हणून म्हणते, मन तापलेलं असेल तर पहिली पाच कडवी आणि नंतर थेट किंवा-किंवाचा भाग वाचा, पेन्सिलीसकट, आणि कोणाला तरी सोबत बसवा, आजी असो, मैत्रीण असो, जिला तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवाल आणि जी मध्येच विचारेल की हे त्याले कोणं सांगतलं?

शेवटाजवळ तो ढगाला विचारतो की करशील ना माझं काम. ढग गप्प. आणि तो म्हणतो तू गप्प आहेस म्हणजे नाही म्हणतोस असं मी समजत नाही, तू तर चातकालाही न बोलता पाणी देतोस, मोठ्या लोकांचं उत्तर म्हणजे काम करून दाखवणं. ही ओळ वाचली की मला ती विहीर दिसते. त्यानंही माझ्यासारखाच गप्प राहण्याचा होकार केला. इथं पुस्तक बाजूला ठेवा आणि त्या दिवशी पुढं वाचू नका.

दुसऱ्या दिवशी शेवटचं कडवं. त्यात तो ढगाला सांगतो, माझ्यावर दया कर, मग तुला जिथं जायचं तिथं जा, आणि विजेपासून तुझी एका क्षणाचीही ताटातूट न होवो. स्वतःसाठी मागता मागता शेवटी पहिल्यांदा तो दुसऱ्यासाठी काहीतरी मागतो. काही प्रतींत याच्यापुढं आणखी दोन-एक श्लोक छापलेले असतात, कुबेराला दया आली, शाप सुटला, दोघं भेटले असे, ते मागून कोणी घातलेले आहेत, त्यांना पेन्सिलनं कंस करून ठेवा. आजींना मी ते वाचून दाखवले नव्हते. त्यांनी विजेचं कडवं ऐकलं, थोडा वेळ बाजेवर तशाच बसल्या आणि मग विचारलं, मंग गेला काय तो ढग? मी म्हटलं आजी, लिहिलं नाही. त्या उठल्या, छपरीच्या बाहेर जाऊन त्यांनी एकदा आभाळ पाहिलं.